गाडीचा फ्यूज सारखा उडतोय? आधी हे बघा

पावसाळा लागला की आपल्याकडं कोल्हापुरात हे हमखास ऐकायला मिळतं, फ्यूज बदलला, दोन दिवस नीट चाललं, परत उडाला. मग कोणीतरी सांगतं, १० चा उडतोय न्हवं, मग २० चा टाक की भावा. हे अजिबात करू नका. फ्यूज असतो वायरिंग वाचवायला. १० अँपिअरच्या (अँपिअर म्हणजे करंटचं माप) फ्यूजमागं कंपनीनं त्या हिशोबाचीच वायर दिलेली असते, तिथं २० चा बसवला तर फ्यूज शाबूत राहतो आणि डॅशबोर्डच्या आत वायर तापून वितळते, गाडी पेटायला एवढं पुरतं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं किंवा तांब्याची तार घालणं तर त्याहून वाईट. साध्या पातीच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा, ३० हिरवा, आणि झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढाच टाकायचा.

उडालेला फ्यूज फेकून देऊ नका, उजेडाकडं धरून बघा. आतली पट्टी पार उडालीय, प्लास्टिक काळं पडलंय, धातूचे बारीक शिंतोडे दिसतायत, तर बहुतेक डायरेक्ट शॉर्ट आहे, म्हणजे सोललेली वायर कुठंतरी बॉडीला टेकतीय. पट्टी मधूनच वितळून तुटलीय पण प्लास्टिक स्वच्छ आहे, तर लोड जास्त होतोय, मोटर जड फिरतीय किंवा त्या लाईनवर काहीतरी जादा जोडलंय.

मग बघायचं कधी उडतोय. चावी बंद असताना लावल्या लावल्या उडाला तर स्विचच्या अलीकडंच, म्हणजे फ्यूज आणि स्विचच्या मधे शॉर्ट. वायपर चालू केला की उडाला तर वायपरची मोटर नाहीतर तिची वायर. रिव्हर्स टाकला की उडाला तर मागच्या लाईटकडं जा. आणि स्पीडब्रेकरवर, वळणावर नाहीतर दार उघडता मिटता उडत असेल तर वायर घासतीय हे धरूनच चाला.

आता शोधायचं कसं, कारण दरवेळी नवीन फ्यूज जाळत बसण्यात अर्थ नाही. १२ व्होल्ट २१ वॉटचा ब्रेकलाईटचा साधा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याच उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना त्याच्या दोन वायरी सोल्डर करा आणि तो फ्यूजच्या जागी बसवा. शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो पण करंट जेमतेम पावणेदोन अँपिअरच जातो, त्यामुळं वायर जळत नाही आणि आपल्याला निवांत शोधता येतं. आता त्या लाईनवरची एकेक वस्तू काढत जा, म्हणजे लायटरच्या मागचा वायरींचा सॉकेट, म्युझिक सिस्टीमच्या मागचा सॉकेट, टेललाईटचा होल्डर, जे असेल ते. एखादा सॉकेट काढला आणि बल्ब विझला की दोष त्याच्या पुढं. सगळं काढूनसुद्धा फुल पेटलेलाच राहिला तर वायरच बॉडीला लागलीय, मग ती वायर जिथनं जिथनं जाते तिथं ती हातानं हळूहळू हलवत जायचं, जिथं बल्ब फडफडला तिथं थांबायचं. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची सिस्टीम) आणि ईसीएमच्या (इंजिनचा कॉम्प्युटर) फ्यूजवर हा बल्ब लावायचा नाही, पिवळ्या कव्हरच्या, म्हणजे एअरबॅगच्या वायरींना हात नको, आणि इलेक्ट्रिक-हायब्रीड गाडीत नारंगी, म्हणजे जादा व्होल्टेजची केबल दिसली की लांबच राहायचं.

हुडकायची सुरुवात नेहमीच्या जागांपासून करा. दार आणि बॉडीच्या मधला रबरी पाईप, डिकीच्या बिजागरीजवळची वायर, या दोन ठिकाणी वायर रोज वाकते आणि आतून सोलते, वरून रबर चांगलं दिसतं पण मागं सरकवलं की तांबं दिसतं. लायटर सॉकेटमध्ये टॉर्च मारा, तळाशी पडलेलं नाणं किंवा चार्जरची तुटलेली पिन बऱ्याचदा तिथंच सापडते. उसाच्या रानाकडंला गाडी लागत असेल तर बॉनेट उघडून उंदरानं कुरतडलेलं बघा. आणि जुनी गाडी घेतली असेल, २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात ती बुडाली होती का याची शंका असेल, तर कार्पेट उचलून खालचे सॉकेट उघडा, पिनांवर हिरवट थर दिसला तर तिथनं करंट गळू शकतो. असे सॉकेट स्प्रे मारून भागत नाहीत, बदलावे लागतात.

शॉर्ट नाहीच सापडला तर लोडचा हिशोब करा, वॉट भागिले १२ म्हणजे अँपिअर. १२० वॉटचा हवा भरायचा पंप एकटाच १० अँपिअर खातो. हेडलाईटला ६०/५५ चा बल्ब काढून १००/९० चा घातला असेल तर करंट दीडपटीच्या वर गेला, त्याला वेगळी जाड वायर, रिले (जादा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि बॅटरीजवळ स्वतःचा फ्यूज हवाच. फॉग लॅम्प, अँप्लिफायर यांचंही तेच. ब्लोअर आवाज करत जड फिरत असेल तर त्यातला पालापाचोळा काढून बघा.

वायर सापडली की आधी बॅटरीची मायनस काढा, मग जोड सोल्डर करून वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) घाला आणि जिथं पत्र्याला घासत होती तिथं रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी रिंग) बसवा. नुसती टेप गुंडाळली तर बॉनेटच्या उष्णतेनं तिचा गोंद सुटतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठंही इलेक्ट्रिशियनकडं गाडी सोडणार असाल तर कितव्या नंबरचा फ्यूज, किती अँपिअरचा आणि काय केल्यावर उडतो हे चिठ्ठीवर लिहून द्या, उडालेला फ्यूजही सोबत द्या, आणि काम झाल्यावर वायर कुठं सोलली होती ती जागा स्वतः बघितल्याशिवाय गाडी हलवू नका.