वर्ग सांभाळताना या चुका टाळा : चांदण्यांचा तक्ता आणि ‘शांत बसा’

दरवर्षी ऐरोलीतील आमच्या शाळेत आंतरवासितेसाठी छात्रशिक्षक येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांतील निम्मे जण रंगीत कार्डशीट, डिंक आणि चमकीच्या चांदण्या घेऊन हजर होतात. ‘सकारात्मक वर्तन व्यवस्थापन’ म्हणजे ओरडायचे नाही, स्टिकर द्यायचे, एवढाच अर्थ त्यांनी लावलेला असतो. पहिली ते चौथीच्या वर्गांत बावीस वर्षे काढल्यावर मला या समजुतीचा कंटाळा आला आहे.

तक्त्याची चूक मी स्वतःही केली आहे. दुसरीचा वर्ग होता आणि पटावर ४४ मुले होती. ३० मुलांमागे एक शिक्षक हे शिक्षण हक्क कायद्यातले प्रमाण आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते. दाराशेजारी मी सर्वांच्या नावांचा तक्ता लावला. दहा चांदण्या जमल्या की एक पेन्सिल, आणि खोडी केली की एक चांदणी परत, असा माझा नियम होता. पहिले दोन आठवडे वर्ग इतका शांत होता की ठाणे–वाशी लोकलचा भोंगा स्पष्ट ऐकू येत असे. मुख्याध्यापिकांनी इतर शिक्षिकांना तो तक्ता मुद्दाम पाहायला पाठवले, हे आठवले की आजही संकोच वाटतो. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीला खाली पडलेली पाण्याची बाटली उचलायला सांगितली, तर तिने विचारले, “बाई, किती चांदण्या?” त्याच आठवड्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा सात चांदण्यांवरून घसरत शून्यावर आला. मधल्या सुट्टीनंतर त्याने शेजाऱ्याला ढकलले आणि मी तक्त्याकडे पाहिले, तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, “बाई, आता काढायला काही उरलंच नाही ना.” त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, त्याने फक्त माझा हिशोब मला वाचून दाखवला होता.

हा हिशोब नवा नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रासाठी बक्षीस मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत त्या रंगांकडे कमी वळली. ज्यांना ते अवचित मिळाले, त्यांची आवड मात्र टिकून राहिली. माँटेसरी विचाराने तर बक्षीस आणि शिक्षा या दोन्हींना वर्गाबाहेरच ठेवले आहे, आणि तो विचार ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीपर्यंत आणला होता. मी तितकी कठोर नाही. एखादा दिवस चांगला गेला की शेवटच्या तासाला गोष्टीसाठी दहा मिनिटे जास्त देते. पण ते आधी सांगत नाही, आणि एकदा दिलेले परत घेत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे ‘शांत बसा’. ही सूचनाच नव्हे, कारण सात वर्षांच्या मुलाला त्यातून नेमके काय करायचे ते कळत नाही. “दप्तर बाकाखाली, वही उघडा, पेन्सिल वहीवर” असे सांगितले तर त्याच्या हातांना काम मिळते. सांगून झाल्यावर थांबावे लागते, आणि नेमके हेच नवशिक्यांना जमत नाही; दोन सेकंदांत तीच सूचना ते अधिक मोठ्या आवाजात देतात. मग मुले पहिल्या हाकेला काही करायचे नसते, हे शिकतात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ओला रेनकोट कोठे टांगायचा, छत्री कोठे ठेवायची, डबा कधी काढायचा, हे मी पहिले दहा दिवस रोज करून दाखवते आणि मुलांकडून करून घेते. “बाई, पोर्शन कधी पूर्ण होणार?” असे छात्रशिक्षक हमखास विचारतात. ही घाई करणारेच ऑगस्टमध्ये घसा बसल्याची तक्रार घेऊन येतात.

हात वर न करता “बाई, मी सांगू?” असे ओरडणाऱ्याकडे दुर्लक्ष करायचे ठरवले असेल, तर ते अर्ध्यावर सोडू नये. दुर्लक्ष सुरू होताच ओरडणे आधी वाढते. चार दिवस टिकून पाचव्या दिवशी कंटाळून उत्तर घेतले, तर पाच दिवस ओरडल्यावर काम होते, हाच धडा मिळतो. अधूनमधून मिळणाऱ्या फळाने सवय अधिक पक्की होते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगांतून केव्हाच दाखवले आहे. मी मात्र नुसते दुर्लक्ष करत नाही, त्याचा हात वर गेला की त्याच क्षणी त्याचे नाव घेते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. “बघा, ती किती शहाणी आहे” हे कौतुक नसून बाकीच्यांना मारलेला टोमणा आहे. तिने काय केले ते तिलाच, हळू आवाजात सांगावे. बोलणाऱ्यांची नावे मॉनिटरला फळ्यावर लिहायला लावू नयेत, त्यातून फक्त मॉनिटरची दुकानदारी चालते. एकाच्या खोडीसाठी सर्वांचा पीटीचा तास बुडवणे हा अन्याय आहे, आणि मुलांना तो बरोबर कळतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका मुलाची तक्रार टाकणाऱ्या शिक्षकाला मी तरी माफ करत नाही. अंगठे धरायला लावणे ‘मारणे थोडेच आहे’ असे म्हणणाऱ्यांनी शिक्षण हक्क कायदा २००९ मधील कलम १७ वाचावे; त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुले हे सारे विसरून येतात, आणि ‘जूनमध्ये शिकवले होते ना’ म्हणून चिडण्यात अर्थ नसतो. सुट्टीनंतरचे पहिले दोन दिवस मी पुन्हा दप्तर, डबा आणि रांग यांनाच देते, आणि मागे पडलेला गणिताचा धडा डिसेंबरमध्ये भरून काढते.