आधारगटाला जाताना आईलाही सोबत न्या

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाला घरी कोणापाशी ठेवायचं, या एका अडचणीपायी काळजी घेणारे कितीतरी जण आपल्यासारख्याच घरच्यांच्या आधारगटाला जातच नाहीत. म्हणून चौकशी करतानाच विचारून घ्या, त्यांनाही आणलं तर चालेल का? १९९२ साली सुरू झालेल्या ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या जवळच्या शाखेत विचारा, ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही आहे. वेळ शक्यतो सकाळची धरा, दिवेलागणीला बरेच जण बेचैन होतात.

घरीही आईला कामात सोबत घ्या. मेथीची जुडी पुढ्यात घेऊन दोघं निवडायला बसा. भाजीचं नाव आठवलं नाही तरी हात सवयीने पानं खुडतात. देठ भाजीत पडले तर टोकू नका. नंतर गुपचूप काढता येतात.