गेमचं म्युझिक नीट कसं ऐकायचं, आणि चॉइस खरी की नुसती दाखवायची ते कसं ओळखायचं

जळगाव-धुळ्याकडं कोणाला नवीन गेम सांगितला की पहिला प्रश्न एकच, माझ्या लॅपटॉपवर चालंल का. म्युझिकचं कोणी विचारतच नाही, उलट बरेच जण पहिल्याच दिवशी म्युझिक झिरो करून मागं स्वतःची प्लेलिस्ट लावतात. एक गेम तरी तसं न करता खेळून बघा भो, मंग बोलू.

आधी सामान. वायरवाला इयरफोन घ्या, शंभर-दीडशेवाला पण चालतो. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा लेट येतो, आणि आपल्याला बघायचंय तेच की बटण दाबल्यावर म्युझिक कधी बदलतं, मंग तिथंच गोंधळ होतो. दुसरं म्हणजे कूलर. मे महिन्यात कूलर बंद करा असं मी कोणाला सांगणार नाही, पण त्याच्या घरघरीत बास सगळा गायब होतो, म्हणून पहाटे खेळा नाहीतर रात्री गच्चीवर गादी टाकली की तिथंच लॅपटॉप घेऊन बसा. सेटिंगमध्ये म्युझिक फुल आणि इफेक्ट, म्हणजे पावलं-दारं-गोळ्यांचे आवाज, अर्ध्याच्या खाली. पूर्ण बंद नका करू, कधी कधी इफेक्टच म्युझिकचा भाग असतो.

सुरुवात ओळखीच्या गेमपासून करा. कॅसेटवाला मारिओ (1985) सगळ्यांनी खेळलाय, टायमर 100 च्या खाली गेला की तीच चाल फास्ट होते आणि हाताला घाम सुटतो. त्याच्याही आधी 1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये नुसते चार खालचे सूर फिरत राहतात, एलियन जसे कमी होतात तसे ते सूर फास्ट पळायला लागतात. एवढ्याशा गोष्टीत टेन्शन कसं तयार केलंय ते ऐका.

आता खरी मेख. गेममध्ये पुढं काय होणार ते कंपोजरला माहीतच नसतं, तुम्ही दार उघडाल का तिथंच दहा मिनिटं उभे राहाल, कोण सांगणार. मंग तो काय करतो, तर आपल्या वरातीतला बँडवाला करतो तेच. पोरं नाचायची थांबत नाहीत तोवर तोच तुकडा फिरवत राहायचं, मामानं नोट ओवाळली की ताशा वाढवायचा, आणि मंडपाचं गेट आलं तरी तुकडा मधूनच तोडायचा नाही, पूर्ण करूनच पुढच्या गाण्यावर जायचं.

ताशा वाढवणं ऐकायचं असंल तर सुपर मारिओ वर्ल्ड (1990) घ्या. योशीवर, म्हणजे मारिओ ज्याच्यावर बसतो त्या डायनासोरवर, बसलं की चालू गाण्यातच बोंगोसारखा ताल जोडला जातो, उतरलं की जातो. स्वतः खेळायला नाही मिळाला तर कॉमेंट्री नसलेला व्हिडिओ शोधा, मधे बोलणारा भाऊ असला की काही ऐकू येत नाही. तुकडा पूर्ण करून पुढं जाणं ऐकायचं तर मंकी आयलंड 2 (1991). मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी त्यासाठी आयम्यूज नावाची सिस्टिमच बनवली होती. वुडटिक गावात फिरा, मूळ चाल एकच पण ज्या दारात शिराल तिथला बाज वेगळा, बाहेर आलं की परत पहिली चाल, आणि सांधा सापडत नाही. इथं एक उद्योग करा, एकाच दारातून वेगवेगळ्या वेळी आत-बाहेर करा आणि पायानं ठेका धरा. ठेका चुकतो का बघा. माझ्या मते आजच्या कित्येक मोठ्या गेमना हे एवढं सफाईनं जमत नाही, भांडण संपलं की म्युझिक धपकन बंद. रेड डेड रिडेम्प्शन (2010) मात्र अपवाद, त्यातले बहुतेक तुकडे एकाच स्पीडला (मिनिटाला 130 ठोके) आणि ए मायनर या एकाच स्केलमध्ये रेकॉर्ड केलेत, म्हणजे कुठला पण तुकडा कशावर पण चढवला तरी बेसूर होत नाही.

हे समजलं की मंग साउंडट्रॅकचा अल्बम ऐकताना कळतं की ही एकच ठरवून दिलेली मांडणी आहे, तुमच्या खेळण्यातलं म्युझिक यात नाही. तरी बसमध्ये ऐकायला भारीच.

आता चॉइस, म्हणजे गेम मधेच विचारतो की हे करायचं का ते. अशी निवड यायच्या आधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा, एकदा हे निवडा एकदा ते, आणि तीन गोष्टी बघा, घटना बदलली का, समोरच्याची बोलण्याची तऱ्हा बदलली का, म्युझिक बदललं का. टेलटेल कंपनीच्या वॉकिंग डेड गेमवर (2012) लोक चिडतात की काही निवडलं तरी गोष्ट फिरून तिथंच येते. येते, खरंय. पण समोरचा नंतर तुमच्याशी कसा वागतो ते बदलतं, आणि मला तेवढं पुरतं, आपण पण घरात भांडून शेवटी त्याच ताटावर जेवायला बसतोच ना.

अंडरटेल (2015) मात्र पूर्ण संपवल्याशिवाय असं चाळू नका, कारण तो गेम तुमचं सेव्ह-लोड लक्षात ठेवतो आणि तोंडावर बोलून दाखवतो. तो बनवणाऱ्या टोबी फॉक्सनं गोष्ट आणि म्युझिक दोन्ही स्वतःच केलंय, त्यामुळं एकाच छोट्या चालीची नातलगं सगळ्या गेमभर भेटत राहतात. आणि एखाद्या भागातले सगळे राक्षस मारून टाकले की तिथलं गाणं इतकं स्लो आणि खर्जात जातं की नको वाटतं. गाणंच मेल्यासारखं होतं.

मित्रांच्या ग्रुपवर यातलं काही टाकणार असाल तर 'म्युझिक कडक ए भो' एवढंच नका लिहू. कुठल्या जागी, काय केल्यावर, काय बदललं ते लिहा, म्हणजे दुसरा तिथं जाऊन करून बघंल. आणि शेवटाबद्दल असंल तर वरती स्पॉयलर लिहून चार ओळी मोकळ्या सोडा, नाहीतर शिव्या खा.