पेल एल बेचव लागतेय? नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभर पारा ४५ वर, आणि नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच बनवतात) आमच्या मित्राने इंग्लिश पेल एल या बिअरच्या ग्लासात बर्फाचे दोन खडे टाकले. (नाव वर्धा रोड, आणि पुढे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. नागपूरकराला यात काही वावगं वाटत नाही.) एक घोट घेतला आणि तोंड वाकडं. "काहून बे, पाण्यात काडेचिराईत भिजवलं का यानं?"

बिअर बनवणारा पोरगा काउंटरमागेच होता. वाद न घालता त्याने बिनबर्फाचा दुसरा ग्लास आणून ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, दहा मिनिटं हात नका लावू याले." दहा मिनिटांनी वास घेतला तर आधी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा, मग वाळक्या गवताचा, आणि शेवटी थोडासा संत्र्याच्या मुरंब्याचा. मित्राने ग्लास गुपचूप संपवला.

"एकदम चिल्ड" हा हट्ट

आपली जीभ लागरवर, म्हणजे दुकानातल्या नेहमीच्या पिवळ्या बिअरवर वाढली आहे. लागर तीन-चार अंशांवर छान लागते, कारण ती घशासाठी असते. इंग्लिश पेल एल हे नाकाचं काम. तिचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांवर आंबवतं, त्यात फळांसारखे वास तयार होतात, आणि ग्लास बर्फगार असला की ते वर येतच नाहीत. उरतो फक्त कडवटपणा आणि गॅस. इंग्लंडमधल्या पबात ती तळघरातून येते, ११ ते १३ अंशांवर. याला लोक "गरम बिअर" म्हणून हसतात, पण आपल्या माठातल्या पाण्यापेक्षा ती थंडच असते.

ब्रूपबचा नळ बहुधा सगळ्या बिअर एकाच थंडीवर देतो. म्हणून ग्लास आला की एसीत दहा मिनिटं थांबा, घाई असेल तर तळव्यात धरा. मे महिन्यात गच्चीवर बसला असाल तर मात्र हे थांबणं पाच मिनिटांतच उरका, नाहीतर खरंच कोमट होईल.

फस्स होत नाही म्हणजे शिळी?

नाही. या बिअरमध्ये गॅस कमीच असतो. ब्रिटनमध्ये १९७१ साली ग्राहकांनी कॅमरा नावाची चळवळ उभी केली, तीच मुळी पिंपात जिवंत राहणारी, बाहेरून गॅस न भरलेली एल वाचवायला. रंगाचीही तक्रार असते, "पेल सांगितली आणि ही तर तांबूस." पेल म्हणजे फिकी, पण ती पोर्टर या जुन्या काळपट बिअरच्या तुलनेत. लाकडाऐवजी दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर माल्ट (मोड आणलेला जव) वाळवायला लागल्यावर तो फिका राहू लागला. नंतर इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंट गावच्या जिप्समयुक्त पाण्याने तिचा कडवटपणा स्वच्छ आणि कोरडा केला. तिथल्याच बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमध्ये नोंदलेला पहिला ट्रेडमार्क, १८७६ सालचा. आता हाच परिणाम साधायला दुसरीकडचे ब्रूअर पाण्यात मोजून जिप्सम टाकतात.

"एल म्हणजे स्ट्राँग" हेही डोक्यातून काढा. ही साधारण चार-पाच टक्क्यांची, आपल्या दुकानातल्या स्ट्राँगपेक्षा बरीच हलकी.

तोंड आधीच बधिर केलेलं असणं

सावजी मटण खाऊन एल चाखायला बसू नका. तिखटाने पेटलेल्या जिभेला माल्टचा गोडवा कळतच नाही. शिवाय ओठांवरची तर्री ग्लासाला लागली की फेस बसलाच. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, तर बोलायलाच नको. पन्नीत घोटलेला खर्रा गालात ठेवून "याले चवच नाही" म्हणणारे महाभाग मी पाहिले आहेत. सोबत भाजलेले शेंगदाणे, आलूबोंडा किंवा चीज घ्या. सावजी नंतर.

चार-पाच छोट्या ग्लासांचा ट्रे मागवला असेल तर पेल एल आधी प्या, जास्त कडू आयपीए आणि काळी स्टाऊट नंतर. अमेरिकन हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) संत्र्याच्या सालीसारखा भपका एकदा नाकात बसला की ईस्ट केंट गोल्डिंग्ज या इंग्लिश हॉप्सचा मातकट, फुलांसारखा वास पाणीच वाटतो.

आणि खरंच बिघडली असेल तर?

तेव्हा गप्प बसणं ही चूक. मी केली आहे. एका ठिकाणी एलला थिएटरमधल्या पॉपकॉर्नसारखा, लोण्याचा वास येत होता. वेटर म्हणाला, "तशीच असते सर," आणि मी पैसे देऊन आलो. इंग्लिश एलमध्ये या वासाची पुसटशी छटा चालते. यीस्ट आधी हा वास तयार करतं आणि काही दिवस वेळ दिला तर स्वतःच तो खाऊन टाकतं. वीकेंडच्या गर्दीसाठी टाकी लवकर उपसली की तो तसाच राहतो. लोण्याबरोबर आंबटपणाही असेल तर नळाच्या पाइपवर संशय घ्या.

ओळखायचं कसं? त्याच नळाचा पुन्हा एक छोटा घोट मागा. पहिला ग्लास खराब आणि नंतरचे बरे, तर बिअर पाइपात पडून होती. सगळे सारखेच खराब, तर दोष टाकीतला किंवा पाइप मुळातच घाण. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर हवा लागून जुनी झाली. उकडलेल्या मक्याचा किंवा हिरव्या सफरचंदाचा आला तर बनवतानाच काहीतरी राहिलं. ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, बदलून घ्या.

एक दोष मात्र आपणच आणतो. डिसेंबरात गच्चीवर ऊन खात बसायची आपली हौस. काचेच्या ग्लासात ऊन पडलं की हॉप्समधले घटक काही मिनिटांत बदलतात आणि उग्र, गंधकासारखा वास येतो. ग्लास सावलीत सरकवा, तुम्ही बसा उन्हात.

तक्रार करताना "बेकार आहे" म्हणू नका, वास सांगा. "लोण्यासारखा येतोय, बघता का?" म्हटलं की ब्रूअर स्वतः येऊन हुंगतो. वय २१ पूर्ण हवं, परमिट हवा, आणि गाडी घरी ठेवा.

आमचा मित्र अजून बर्फ मागवतो. फक्त आता तो पाण्याच्या ग्लासात टाकतो.