सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखालची) नोटीस आल्यावर आधी काय करावे

पहिले काम म्हणजे बांधकाम थांबवणे आणि तारखेसह फोटो काढून ठेवणे. नोटिशीनंतर एक थर जरी चढला तरी पुढे कोणी ऐकून घेत नाही.

मग अंतर. ते लाटा दिसतात तिथून नव्हे, नकाशावरच्या भरतीरेषेपासून, म्हणजे मोठ्या भरतीचे पाणी जिथवर पोहोचते त्या रेषेपासून मोजतात. १:४००० च्या गावनकाशावर आपल्या गटाची हद्द मान्यताप्राप्त संस्थेकडून चढवून घ्या. निम्मे वाद इथेच सुटतात किंवा पक्के होतात. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत ना-विकास क्षेत्र (जिथे नवे बांधकाम सहसा करता येत नाही तो पट्टा) दाट वस्तीच्या गावांत ५० मीटर, इतरत्र २०० मीटर आहे. पण ५० मीटरची सवलत नवा किनारा आराखडा मंजूर असेल तरच मिळते.

घर १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचे, म्हणजे पहिल्या सीआरझेड अधिसूचनेच्या आधीचे असेल तर मंजूर नकाशा आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टी आकारणी उतारा शोधा. घरपट्टीने घर होते एवढेच ठरते, परवानगी नव्हे. जुने जोते आणि नंतरची वाढ नकाशावर वेगळ्या रंगांत दाखवा. वाढलेली पडवी वाचणार नसेल तर ती स्वतः काढून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे मूळ घरासाठी भांडता येते.

पर्यावरण कायद्याच्या कलम ५ खालील आदेशाविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची. आदेशाचे पाकीट जपा, पोहोचल्याची तारीख दाखवायला ते उपयोगी पडते.