केर इफेक्टवर काम सुरू करताय? आधी रिकाम्या सिलिकॉनवर लेझर मारा

पहिल्यांदा सेटअपवर बसले तेव्हा वाटलं, फ्लेकवर (सिलिकॉनवर ठेवलेल्या मॅग्नेटिक मटेरियलच्या पातळ पापुद्र्यावर) लेझर टाकायचा, मॅग्नेटिक फील्ड कमी-जास्त करायचं, हिस्टेरेसिस लूप (फील्ड वाढवताना एका वाटेने आणि कमी करताना दुसऱ्या वाटेने जाणारा सिग्नलचा फेरा) आला की झालं काम. आली एक तिरकी सरळ रेघ. दोन दिवस तिच्यावर थिअरी रचत बसले, पॅरामॅग्नेट (फील्ड असेपर्यंतच चुंबक) असेल वगैरे, मग सिनियर म्हणाला स्पॉट फ्लेकवरून सरकव बघू, आणि नुसत्या सिलिकॉनवरही तीच रेघ! ती रेघ ऑब्जेक्टिव्ह लेन्सची होती, फील्डमध्ये काचही प्रकाशाचं पोलरायझेशन (कंपनाची दिशा) फिरवते, फॅरडेने १८४५ मध्ये हेच दाखवलेलं आणि मी ते पाठ करून परीक्षेत मार्क पण घेतलेले.

तर मुद्दा असा की सिग्नल फार छोटा असतो. केर इफेक्ट म्हणजे मॅग्नेटाइज झालेल्या मटेरियलवरून परत येणाऱ्या प्रकाशाचं पोलरायझेशन किंचित फिरतं, बस. २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर ४५ केल्विनपर्यंत फेरोमॅग्नेट (फील्ड नसतानाही चुंबक) राहतो हे याच पद्धतीने दिसलं, तेव्हा फिरणं होतं ५ मिलिरेडियनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या डिग्रीपेक्षाही कमी. म्हणून प्रकाश ठरावीक फ्रीक्वेन्सीने बदलणारा मॉड्युलेटर, फक्त त्याच फ्रीक्वेन्सीचा सिग्नल वेचणारा लॉक-इन वगैरे लागतं. जोन्स मॅट्रिक्स (पोलरायझेशनचं गणित) कागदावर सोडवाच, पण पोलरायझर हाताने फिरवून प्रकाश पूर्ण विझवायची प्रॅक्टिस त्याहून महत्त्वाची असं माझं मत.

आता याच क्रोमियम ट्रायआयोडाइडचा दोन थरांचा फ्लेक. शून्य फील्डला सिग्नल जवळपास शून्य. मी एक असाच "मेलेला" समजून बाजूला टाकला, खरं तर दोन थर एकमेकांच्या उलटे असल्याने बेरीज शून्य होते, फील्ड ०.६-०.७ टेस्लापर्यंत न्या, सिग्नल टुणकन उडी मारतो. अर्थात खरंच मेलेला पण असू शकतो, हे मटेरियल हवेत काही मिनिटांत खराब होतं आणि उजेडात अजून लवकर, त्यामुळे ग्लोव्हबॉक्समध्येच बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांत सँडविच करा, मायक्रोस्कोपचा दिवाही उगाच चालू ठेवू नका.

अशा उलटसुलट मांडणीच्या मटेरियलला, म्हणजे अँटीफेरोमॅग्नेटला, केरचा एरवी फार उपयोग नाही, तिथे रामन (विखुरलेल्या प्रकाशाचा बदललेला रंग मोजणं) किंवा सेकंड हार्मोनिक (दुप्पट फ्रीक्वेन्सीचा प्रकाश मोजणं) बघा.

आणि लेझरची पॉवर! थर्मामीटर १० केल्विन दाखवतो पण स्पॉटखाली किती ते त्याला काय माहीत. काही मायक्रोवॅटवर सुरू करा, मग पॉवर निम्मी करून तोच लूप परत घ्या, रुंदी बदलली तर आधीचा लूप गरम फ्लेकचा होता, तो डेटा वापरू नका.