अ‍ॅक्सेसिबिलिटीचा कायदा नंतर, आधी डब्ल्यूसीएजी

वेबसाइट किंवा अ‍ॅप अ‍ॅक्सेसिबल (म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल असं) करायचं काम अंगावर पडलं की बरेच जण थेट कायदा उघडून बसतात, आणि चार पानांत डोकं आउट होतं. त्यापेक्षा उलटं करा ना. काय करायचं ते स्टँडर्डमध्ये असतं, कायदा फक्त सांगतो कोणी करायचं, कधीपर्यंत आणि नाही केलं तर काय.

स्टँडर्ड म्हणजे डब्ल्यूथ्रीसी या वेबचे स्टँडर्ड ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची नियमावली, डब्ल्यूसीएजी. 2008 ला 2.0 आलं, 2018 ला 2.1, 2023 ला 2.2, आणि नव्यात जुन्याचे नियम असतातच (2.2 मध्ये एक कालबाह्य झालेला तेवढा काढलाय) म्हणून नवीन काम असेल तर सरळ 2.2 धरा. लेव्हल तीन: ए, डबल ए, ट्रिपल ए. तुम्हाला डबल ए हवी, त्यात ए आलीच. अख्खी साइट ट्रिपल ए करायच्या फंदात पडू नका, डब्ल्यूथ्रीसीच तसं करू नका म्हणते.

नियम पाठ करत बसण्यापेक्षा प्रत्येक नियमाला एकच विचारा, हे नसेल तर अडतं कोणाचं? नेहमीच्या आकाराचं अक्षर आणि बॅकग्राउंडचा कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1 हवा कारण अंधुक दिसणाऱ्याला फिकट करड्या अक्षरातलं वाचताच येत नाही. बटण 24 बाय 24 पिक्सेलपेक्षा लहान आणि एकमेकांना चिकटून असेल तर हात थरथरणाऱ्याचं बोट भलतीकडेच पडतं. असं बघितलं की नियम डोक्यात राहतो.

आता कायदे. युरोपचा अ‍ॅक्सेसिबिलिटी अ‍ॅक्ट 28 जून 2025 पासून लागू झालाय आणि ऑनलाइन विक्री, बँकिंग, ई-बुक अशा खासगी सेवाही त्यात येतात. अमेरिकेत सेक्शन 508 केंद्र सरकारच्या खात्यांसाठी, तिथे 2.0 डबल ए. राज्य आणि स्थानिक सरकारांसाठी 2024 च्या नियमात 2.1 डबल ए. भारतात 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि आयएस 17802 हे भारतीय स्टँडर्ड, वर 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल अ‍ॅक्सेस हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. केस ई-केवायसीची (ऑनलाइन ओळख पडताळणीची) होती, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिचकावता येत नव्हती आणि सिस्टीम तेच मागत होती!

म्हणजे आपल्याला कुठला कायदा लागतो आणि तो कुठलं व्हर्जन मागतो एवढं लिहून ठेवलं की झालं, काम बहुतेक सारखंच.

तपासताना ऑटोमॅटिक टूलवर विसंबू नका, फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोचं लिहिलेलं वर्णन) आहे की नाही हे ते सांगेल पण तिथे 'आयएमजी 204' लिहिलं असलं तरी पास करू शकतं. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब आणि एंटरवर फॉर्म भरून बघा, मग एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट आहे, तो लावून तोच फॉर्म ऐका. आणि एक ओळीचा कोड टाका, साइट कायद्यात बसेल असं सांगणारे विजेटवाले भेटतील, त्यांना पैसे देऊ नका.